धावपट्टीच्या डावीकडे

“सर, धुक्यात धावपट्टी दिसलीच नाही, तर पायलट काय करतो?”

“तू उभी राहशील आन् पाणी प्यायला जाऊ का, एवढंच विचारून खाली बसशील,” असं बाकावरच्या मैत्रिणीनं, मंजुषानं सकाळीच भाकीत केलं होतं. पण स्वप्ना प्रश्न विचारून चांगली ताठ उभी होती. नववीच्या पोरीपोरांच्या माना एकदम वळल्या. मंजुषानं खालून तिची ओढणी खेचली ती खेचलीच.

विज्ञान दिनाचे पाहुणे अमरनाथ खुशीत हसले. कापसाच्या तीन जिनिंग गिरण्यांचे मालक असलेल्या कल्याणरावांचे हे धाकटे चिरंजीव. चौघं बसतील एवढं स्वतःचं विमान, आणि घरच्याच रानात धावपट्टी. फळ्यावर सुंदरराव सरांनी वळणदार अक्षरात विषय लिहिला होता : धुक्यातले सुरक्षित उड्डाण. समोर स्टँडवर सरांचा मोबाईल सगळं टिपत होता, पालकांच्या ग्रुपवर थेट दाखवायला.

“छान प्रश्न,” अमरनाथ म्हणाले. “आमच्यासारख्या साध्या पट्टीवर उतरायचं तर पाच किलोमीटरपर्यंतचं स्वच्छ दिसलंच पाहिजे. नाही दिसलं, तर वर जायचं, परत फिरायचं. निघतानाच दुसरा विमानतळ ठरवून ठेवायचा, तिथवर पुरेल एवढं इंधन ठेवायचं. उतरायचा हट्ट करायचा नाही. हट्टानंच माणसं मरतात.”

माणसं. स्वप्नाच्या दातांत तो शब्द खड्यासारखा लागला. मेंढरांचं काय, ते पाहुण्यांनी सांगितलं नाही.

जानेवारीत तिच्या बापाची, सिदूची मेंढरं त्याच रानात बसलेली होती. खत पडावं म्हणून कल्याणरावांनी स्वतः निरोप धाडून बसवलेली, पट्टीपासून पन्नास पावलं डावीकडे, वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती उभारतात त्या जाळीत. सकाळी धुकं असं, की जाळीच्या या टोकाहून त्या टोकाचं कुत्रं दिसेना. अशा वेळी मेंढका कळप उठवत नाही. लांबचं झाड दिसेपर्यंत वाघर सुटत नाही, हे शेंबडं पोरगंही जाणतं. आणि त्या धुक्यातनं विमान उतरलं ते थेट जाळीवर. अकरा मेंढरं गेली. दुपारच्या आत कल्याणरावांचा ट्रॅक्टर फिरला आणि ढेकळांतली चाकांची खूण पुसली. संध्याकाळी त्यांच्याकडून माफीनाम्याचा कागद आला : ‘मी मेंढरं धावपट्टीवर सोडली, माझी चूक झाली.’ सिदूला सही येत होती, तरी अंगठा घेतला. तेव्हापासून एकाही शेतकऱ्यानं त्याला रानात मेंढरं बसवायला बोलावलं नव्हतं. “विमानाखाली मेंढरं घालणारा तूच का बे?” एवढंच विचारायचे.

दीड महिना स्वप्ना हा राग लोणच्यासारखा मुरवत होती. आता बरणी उघडायची वेळ आली होती.

“पण सर,” ती गोड आवाजात म्हणाली, “हे झालं शिकाऊ माणसांचं. तुमच्यासारख्याला धुक्याचं काय? तुमी तर उतरवताच की.”

अमरनाथांची छाती अशी फुगली, की कोटाचं बटण कावलं. “आता तू विचारलंसच म्हणून सांगतो. जानेवारीत संभाजीनगरहून आलो. खाली नुसता कापूस पिंजलेला. पट्टी कुठंय, पत्ता नाही. दुसरा कुणी असता तर गेला असता परत. मी मोबाईलच्या नकाशाच्या भरवशावर खाली आलो. अगदी शेवटी जमीन दिसली. जरा डावीकडं गेलं एवढंच, पण मला ओरखडाही नाही.”

टाळ्या पडल्या. स्वप्नानं त्या पूर्ण वाजू दिल्या.

“डावीकडं म्हणजे आमच्या वाघरीत,” ती म्हणाली. “मी सिदू मेंढक्याची पोरगी. मग सर, मेंढरं पट्टीवर होती, हे आबाच्या अंगठ्यावर कुणी लिहिलं?”

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. अमरनाथांनी ग्लास उचलला, रिकामा होता, तरी प्याले. सुंदरराव सर मोबाईलकडे धावले, पण व्हिडिओ थेटच चालला होता. ग्रुपवर एकशे चाळीस पालक. स्वप्नाला इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

“तू लई वाईट हायस,” मंजुषा कानात म्हणाली.

“अजून कुठं झाले,” स्वप्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरनाथ जीप घेऊन पालावर आले. अंगठ्याचा तो माफीनामा सिदूच्या हातात परत दिला, स्वप्नाच्या आईला, चतुराबाईला पेढ्यांचा पुडा दिला. “मिटलं आता, काका. मेंढरं परत आमच्या रानात बसवा. पोरीला विमानात बसवू एकदा. त्या व्हिडिओचं तेवढं बघा.” सिदूनं हात जोडले. स्वप्नानं जोडले नाहीत.

जीप गेल्यावर सिदूनं कागद फाडून चुलीत घातला. “सुटलो बया. मालक सोता आलते.”

“चोरून आलते, आबा. लोकांपुढं अंगठा घेतला आन् कागद द्यायला एकटेच.”

“आता आनखी काय पायजे तुला? त्यांच्याच रानात मेंढरं बसवायची हायत.”

“बसवा. पर पुढच्या धुक्यात ते परत उतरणार. तवा जाळीत तुमी झोपलेले असाल.”

चतुराबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. “सिधं बोल. काय करणार हायस?”

स्वप्नानं दप्तरातनं लिफाफा काढला. आत चार पानी अर्ज होता, विमान खात्याच्या नावानं. तारीख, वेळ, धुकं, जाळी, सगळं.

“ह्यो आज पोस्टात टाकणार, आन् ग्रुपवरचा व्हिडिओ मेलवर धाडणार. त्यांचा विमान उडवायचा परवाना जाईस्तवर मी थांबणार न्हाई. अर्जदार म्हणून माझं नाव हाय. साक्षीदार म्हणून आबा, तुमचं टाकलंय. या खेपेला अंगठा न्हाई, सही करायची.”