मुखपृष्ठावरची बेंबी

त्या मासिकाच्या कचेरीत सगळे त्यांना इस्त्रीकाका म्हणत, कारण फोटोतल्या चेहऱ्यांच्या सुरकुत्या ते कॉम्प्युटरवर मोडत. हात असा सफाईदार, की एका नटीच्या आजीचा फोटो छापून आला आणि आजीला तीन स्थळं सांगून आली!

पण एकदा हात जरा जास्तच फिरला. मुखपृष्ठावरच्या मुलीच्या पोटाची वळी घालवता घालवता काकांनी तिची बेंबीच पुसली. अंक बाजारात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते धावतच संपादिकाबाईंकडे गेले.

"मॅडम, घोटाळा झाला! बेंबी गेली! चूक झाली म्हणून पुढच्या अंकात छापू या."

"चूक कसली, काका? अंक हातोहात खपतोय. असं पोट कसं मिळवायचं, विचारताहेत बायका."

पंधरा दिवसांत बेंबी बुजवायची मलमं निघाली. डॉक्टरांपुढे एवढ्या रांगा, की एक बाई रांगेत उभ्या उभ्याच आजी झाली. काकाही हसले. घरी गेले तर बारा वर्षांची लेक पोटाला चिकटपट्टी लावून बसलेली.

"काय लागलं गं?"

"लागलं नाही. बुजवतेय. माझी घाण दिसते, बाबा."

"घाण?" बायको कडाडली. "नऊ महिने तिथूनच जेवलीस की माझ्याकडून! आणि अहो, ही कर्तबगारी तुमचीच ना? मग फिरवा आता पोरीवरही इस्त्री!"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपादिकाबाईंचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. एवढी वर्षं लोकांच्या धडधाकट पोरींना हेच तर सांगत आलो, की तुम्ही चुकीच्या घडलात!

दुसऱ्या दिवशी नवं मुखपृष्ठ करायचं होतं.

"हिचीही बेंबी काढा," नव्या मुलीचा फोटो पुढे करत बाई म्हणाल्या.

"काढतो की."

काकांनी गेल्या अंकातल्याच मुलीचा मूळ फोटो काढला. वळी, हनुवटीवरची पुळी, बेंबी, सगळं जिथल्या तिथे. खाली ठळक लिहिलं : 'ही बेंबी मी पुसली होती. चूक माझी, तुमच्या पोटाची नाही.' आणि कुणाला न दाखवता थेट छापखान्यात धाडलं.

अंक निघाला त्या दुपारी नोकरी गेली. काका अंक बगलेत मारून घरी आले. लेक फोटोकडे बघतच राहिली.

"हिलाही पुळी येते?"

"येते तर. मीच पुसायचो."

तिने हळूच फ्रॉक वर केला. "काढा. पण सावकाश हं, बाबा. चिकटलीय घट्ट."