मशिदीमागचा बोळ

जहूर नकाशा पसरून बसला की खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. नकाशा आखातातल्या रास अल खैमाच्या नव्या बाजाराचा. आखला मक्रे साहेबांनी, शाईने गिरवायचं काम जहूरचं. साहेब स्कॉटलंडचे. आपलं जुनं बाजारगाव त्यांनी इथल्या वाळूवर उतरवायला घेतलं होतं.

"हा त्यांच्याकडला मोठा रस्ता बघ," जहूर बायकोला कौतुकाने सांगत होता. "मध्येच माशाच्या पोटासारखा फुगतो, तिथे बाजार. मधोमध दगडी खांब. टोकाला घड्याळाचा मनोरा, त्याच्या तळघरात पूर्वी कैदी कोंडत. दोन्हीकडे खेटून घरं, आणि घरांमधून मागे नदीकडे उतरणारे अरुंद बोळ. साहेब लहानपणी तिथेच हुंदडले."

कुलसुमने हातातली जपाची तसबीह थांबवली. "आपला मशिदीमागचा बोळ कुठाय यात?"

"तिथे दुकानं येणार. बोळ घाणेरडे असतात, असं साहेब म्हणतात."

"हुंदडायला चालले, आता घाणेरडे?"

जहूर हसला. कुलसुम हसली नाही. दर गुरुवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर मोहल्ल्यातल्या बायका त्याच बोळातून तिच्या अंगणात कुराण पढायला येत. बोळ बुजला तर भर बाजारातून, पुरुषांच्या गर्दीतून यावं लागणार. कुणाचा सासरा तसं येऊ देणार? बोळ गेला की गुरुवार गेला.

"साहेबांना सांगा ना."

"अगं, मी नुसता गिरवणारा ट्रेसर. माझं ऐकतो कोण? नोकरी जाईल."

"बरं. तुम्ही गिरवा," ती हळू म्हणाली.

गुरुवारी बायका आल्या तर बोळात दुकानांच्या आखणीच्या खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या. त्या तिथेच थबकल्या. कुलसुमने अंगणातल्या चटया उचलल्या आणि दोऱ्यांवरच अंथरल्या. "बसा. आज इथेच."

पढणं सुरू झालं. मुकादम वली धावत आला आणि बोळाच्या तोंडाशीच उभा राहिला. पढणाऱ्या बायकांमध्ये कुठला पुरुष शिरणार!

"भाभी, उठा हो! यल्ला, चला, काम खोळंबलंय!"

"आत येऊन उठवा, वलीभाई."

वलीने मान वळवली, आणि त्याला आपली आंधळी आई दिसली. "आई, तू पण?"

"मी पण," शहरबानू खाला म्हणाल्या. "तुझं आजचं काम खलास. घरी जा, टोपलीत भाकऱ्या आहेत."

बायका पदराआड हसल्या. वली साहेबांना घेऊन आला, साहेबांनी दुभाषी म्हणून जहूरला बोलावलं. जहूर बोळाकडे पाठ करून उभा राहिला नि आपल्याच बायकोशी परक्यासारखं बोलू लागला. "साहेब विचारतायत, उद्या बसणार का?"

"उद्या नाही. पुढच्या गुरुवारी, त्याच्या पुढच्याही, इन्शाल्ला. त्यांना विचारा, त्यांची आई चर्चमध्ये कुठल्या वाटेने जायची?"

जहूरने घाबरत इंग्रजी केलं. साहेबांनी हॅट हातात फिरवली. मग काहीतरी पुटपुटले.

"मागच्या बोळातून," जहूर म्हणाला. त्याचा आवाज जरा मोठा झाला होता. "साहेब म्हणतात, दोन दुकानांच्या मधून वाट सोडू. उद्या ऑफिसमध्ये नकाशात बदल करतील."

"उद्या कशाला? खुंटी आत्ता हलू दे."

"हलवणार कोण? आत कुणी येऊ शकत नाही."

"आम्ही आहोत ना."

कुलसुम उठली. दोन्ही हातांनी हिसका देऊन खुंटी उपटली नि ती घेऊन, वाट रुंद करत भिंतीकडे सरकली.

"साहेब म्हणतात, तिथेच. एक माणूस जाईल एवढी वाट पुरे."

"शहरबानू खाला हात धरल्याशिवाय चालत नाहीत. दोघींची वाट हवी."

जहूरने हे साहेबांना सांगितलंच नाही. तो फक्त मराठीत म्हणाला, "मग आणखी पुढे जा."

ती गेली. बायकांतल्या सायराने दगड आणून दिला, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत कुलसुमने खुंटी ठोकली.