डोलीतला दगड

मी एक जुनी डोली आहे, मित्रांनो. लग्नातली नव्हे हो! ती झालरीची, नटवलेली. तिचं माझं काही नातं नाही. मी म्हणजे एक जाडजूड बांबू, त्याला टांगलेली सुतळीनं विणलेली बैठक आणि पाय टेकवायला एक फळी. झालं! नाशिकहून पेठकडे जाताना एक डोंगर लागतो. त्याच्या कडेवरच्या पाड्यात मंगळूचं घर आहे, त्या घराच्या आढ्याला मी टांगलेली असते. उंदीर माझी सुतळी कुरतडतात, कोळी जाळी करतात. करू देत. त्याचं मला काही वाटत नाही. मला वाईट वाटतं ते भागीबाईचं. भागीबाई म्हणजे मंगळूची आई.

बहात्तरच्या दुष्काळात पाड्यातल्या सगळ्यांनी खडी फोडली आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत रस्ता झाला. रस्ता झाला तशी एसटी आली आणि एसटीतून शहरातले पाहुणे आले. त्यांना डोंगरमाथ्यावरचा पडका गड बघायचा असायचा. तरणीताठी माणसं चढून जायची, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय करावं? म्हणून मंगळू आणि त्याचा चुलतभाऊ सोमा यांनी मला बनवलं. बांबू घरच्या बेटातला, चुलीवर टांगून धुरात मुरवलेला. बैठक मात्र भागीबाईनं विणली. तीन दिवस ती ओसरीवर बसून सुतळी ओढत होती. वीण इतकी घट्ट, की वजनदार माणूस बसला तरी मी कुरकुरत नसे. विणून झाल्यावर तिनं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "यात बसून देवसुद्धा वर जाईल." स्वतःचं नाव तिनं काढलं नाही.

आणि काय सांगू तुम्हाला, वर बघण्यासारखं होतं तरी किती! वाटेत वीरगळ, पुढे खडकात कोरलेल्या पायऱ्या, अर्धा ढासळलेला दरवाजा आणि त्यावरचा झिजलेला गणपती. माथ्यावर पाण्याचं टाकं होतं, भर उन्हाळ्यात दात शिवशिवतील असं त्याचं पाणी. कड्यावर गिधाडं बसलेली. कारवी फुलली की सगळा उतार निळाजांभळा व्हायचा. पाहुण्यांनी गड कुणी बांधला असं विचारलं की सोमा बेधडक एका राजाचं नाव सांगायचा, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याच राजाचं. मंगळू मान खाली घालून हसायचा. देवळाली कॅम्पातून फौजी लोकांचे आईवडील यायचे, त्र्यंबकेश्वरला दर्शन करून आलेली म्हातारी जोडपी यायची. उतरताना सगळे म्हणायचे, काय आरामाची डोली आहे हो! मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी शेफारून गेले होते.

पण माझं आणखी एक काम होतं, ते मला आवडायचं नाही. पावसाळ्यात पाहुणे नसत. तेव्हा पाड्यातलं कुणी आजारी पडलं, कुणी बाई अडली, तर तिला माझ्यात घालून खाली रस्त्यापर्यंत न्यायचे. नेलेलं माणूस कधी परत यायचं, कधी नाही. मी रिकामी परत आले की बायका आपापल्या उंबऱ्यावर येऊन गप्प उभ्या राहायच्या. म्हणून पाड्यात रीत पडली होती, की डोली रिकामी घरी आणायची नाही. पाहुणा खाली एसटीत बसला की मंगळू नदीतला एक दगड उचलून माझ्यात ठेवायचा, आणि तो दगड घेऊन दोघं घरी यायचे. दगड दाराशी टाकायचा. असं करता करता मंगळूच्या दाराशी दगडांचा ढीगच झाला. भागीबाई संध्याकाळी त्या ढिगावर बसायची. म्हणायची, "ही नदी माझ्या माहेराकडून येते. म्हणजे हे दगड माझ्याच गावचे."

तिचं माहेर, सावरओहळ, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. ऐन वयात ती सकाळी निघून डोंगर ओलांडून दुपारी आईकडे जेवायला हजर व्हायची. मग गुडघे गेले. मोटारीनं जायचं तर सगळ्या डोंगराला वळसा घालायचा आणि वर दोन कोस पायी चालायचं. ते कुठलं जमायला! पण गडाच्या माथ्यावरून सावरओहळ स्पष्ट दिसायचं. वेशीवरचं उंचच उंच सावरीचं झाड, घरांची कौलं, विहिरीवरच्या बाया. एकदा वर जाऊन तेवढं बघून यावं, एवढीच तिची इच्छा होती.

ती मंगळूला म्हणायची, मला एकदा वर ने. मंगळू हो म्हणायचा. मग रविवार यायचा आणि एसटीतून पाहुणे उतरायचे. गडाची वाट तिच्या दारावरूनच जायची, मित्रांनो. दर वेळी कुणीतरी माझ्यात बसून तिच्यासमोरून वर जायचं आणि ती दगडांवर बसून बघायची. तिनं फारच लावून धरलं, तर मंगळू रीतीचा आधार घ्यायचा. पाड्यातलं धडधाकट माणूस डोलीत बसलं तर अपशकुन होतो, असं म्हणायचा. तशी समजूत होती खरी. पण मला ठाऊक आहे, अडचण अपशकुनाची नव्हती. आई घरचीच, ती काय, कधीही नेता येईल, असं त्याला वाटायचं. आणि मी? मी मनातल्या मनात म्हणायचे, बरंच झालं. पाहुण्यांच्या मऊ शाली मला हव्याशा वाटायच्या. जिच्या हातांनी मला विणलं, तिच्याबद्दल माझ्या मनात हे यावं! आज आठवलं की बांबूच्या आत काहीतरी टोचतं.

एकदा नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या, सावित्रीबाई. माथ्यावर त्यांना खाली उतरवलं तेव्हा त्यांनी पलीकडे बोट दाखवून विचारलं, हे कुठलं सुंदर गाव? मंगळू छाती फुगवून म्हणाला, ते माझं आजोळ. त्यावर सावित्रीबाई सहज म्हणाल्या, "मग तुमच्या आई नेहमी येत असतील वर, गाव बघायला." मंगळूनं सोमाकडे पाहिलं, सोमानं टाक्याकडे. त्या दिवशी उतरताना मंगळूची चाल चुकत होती, मला सारखे हिसके बसत होते. त्यानं मनाशी ठरवलं असणार, की पुढच्या रविवारी आईला न्यायचं. पुढच्या रविवारी एसटीतून तीन म्हातारे उतरले.

मग सावरओहळच्या खालच्या अंगाला धरणाची भिंत उभी राहू लागली. भागीबाईचा भाऊ बायकामुलांसह घोटीकडे राहायला गेला. एकेक घर उठत गेलं. होळीच्या दिवशी भागीबाईनं मंगळूला हाताला धरून ओसरीवर बसवलं आणि म्हणाली, "मंगळू, या पावसात तिथं पाणी भरणार हाय. त्याच्या आदी मला ने रं. अपशकुन माझ्या डोक्यावर." मंगळू म्हणाला, पाडव्यानंतर नक्की. पाडवा झाला. शाळांना सुट्ट्या लागल्या, पाहुण्यांची रीघ लागली. दारातले दगड वाढत राहिले. मे महिन्यात रोज एक तरी दगड पडला, आणि जूनमध्ये वाट निसरडी झाली.

श्रावणात भागीबाईला ताप भरला. ती बडबडू लागली, तेव्हा मंगळूनं मला आढ्यावरून खाली काढलं. त्यानं आणि सोमानं तिला अलगद माझ्यात बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तिच्याच विणीवर बसली होती. किती हलकी! मला तर दगडसुद्धा तिच्याहून जड वाटायचा. खाली मी आहे हे तिच्या हाताला कळलं. तिनं डोळे उघडले, चेहरा उजळला, आणि तिनं सुनेला हाक मारून चांगलं लुगडं मागितलं. "मंगळू, वर नेतोस नव्हं?"

मंगळूनं बांबूला खांदा दिला. म्हणाला, "आदी खाली, आये. मग वर."

खालपर्यंत ती मान वळवून माथ्याकडे बघत होती. रस्त्यावर जीप मिळाली, पेठच्या दवाखान्यात ती दाखल झाली. मंगळू तिच्याबरोबर गेला. सोमानं माझ्यात दगड ठेवला आणि पाड्यातल्या एका गड्याला मागच्या टोकाला खांदा द्यायला लावून मला घरी आणलं. दाराशी आल्यावर तो दगड ढिगावर टाकायचा त्याला धीर होईना. त्यानं तो बाजूला वेगळा ठेवला.

पण भागीबाई बरी झाली! भाद्रपदात मंगळू आणि सोमा मला घेऊन तिला आणायला खाली आले. ऊन पडलं होतं. पाड्याशी पोचलो तेव्हा तिच्या घराचा दरवाजा उघडा होता, सून दारात उभी होती. मंगळू थांबला नाही. मागून सोमानं का म्हणून विचारलं नाही, फक्त खांदा बदलला. कोरलेल्या पायऱ्या आल्या, ढासळलेला दरवाजा आला. भागीबाईनं गणपतीला हात जोडले. माथ्यावर आल्यावर दोघांनी मला पलीकडच्या कड्याशी टेकवलं.

समोर पाणीच पाणी होतं. ना घरं, ना विहीर. सावरीचा शेंडा तेवढा पाण्यातून वर आलेला, आणि त्यावर एक बगळा बसला होता.

भागीबाईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग म्हणाली, "एवढं पाणी! शिमग्यात आमच्या विहिरीचा तळ दिसायचा." मंगळूनं तिचे पाय धरले. चुकलो, आये, एवढंच त्याला म्हणता आलं. तो तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. मित्रांनो, ती त्याला रागावली असती तर किती बरं झालं असतं! पण तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझं एकट्याचं न्हाय. गाव कुठं पळून जातंय, असं मलाबी वाटायचं."

त्या दिवशी मी दगडाविना घरी आले. बायका उंबऱ्यावर आल्या, भागीबाई ताठ बसलेली बघून आत गेल्या. त्यानंतर ती दोन वर्षं होती. ती गेल्यावर मंगळूनं पाहुणे नेणं बंद केलं. त्या उन्हाळ्यात तो आणि सोमा एकच काम करत होते. दाराशी साठलेले दगड माझ्यात भरायचे, वर न्यायचे आणि रिते करायचे. पलीकडच्या कड्याशी त्यांनी त्या दगडांचा ओटा बांधला. सोमा आता कुठल्याच राजाचं नाव सांगत नाही. ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांना पाण्याकडे बोट दाखवून सांगतो, तिथं सावरओहळ होतं.

मित्रांनो, तुम्हीही कधी याल. टाक्यातलं पाणी प्याल, ओट्यावर बसून डबे उघडाल, फोटो काढाल. खुशाल या. पण निघताना दारात कोण उभं राहून बघतंय, तेवढं मागे वळून बघा, आणि त्या माणसाला पुढच्या खेपेला नेऊ असं सांगू नका. मी अनोळखी माणसांना गाव दाखवलं. जिनं मला विणलं, तिला मात्र पाणी दाखवलं.