सवडीने येणे करावे

कावेरीकाठच्या आमच्या मेलकावेरीत मला थापाड्या म्हणतात, म्हणोत. पण एकोजीरावाचं हे खरं. पापनाशमच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क असताना त्याने एका अर्जातून इतका फालतू मजकूर छाटला, की कागद हलका होऊन खिडकीतून उडाला आणि तिरुनागेश्वरमच्या गोपुरावर जाऊन बसला. तिथली कबुतरं अजून मुद्देसूद घुमतात.

रिटायर झाला तरी खोड गेली नाही. दूधवाल्याची चिठ्ठी असो की कुणाची लग्नपत्रिका, गल्लीतलं लिखाण त्याने घासूनपुसून दिल्याशिवाय बाहेर पडत नसे.

त्याची बायको भवानी आजारी पडली, तेव्हा मी रोज संध्याकाळी कॉफीला जायचो. एकदा ती म्हणाली, "सूर्याला लिवा. मज टायपायला दिसत नाही." सूर्या त्यांचा एकुलता मुलगा, सिंगापुरात मॅनेजर.

"सांग," एकोजीरावाने तिचा फोन हातात घेतला.

"सूर्या, मज श्वास पुरत नाही रे. काम पडलं तर पडू दे, तू ये. तू केलेली कॉफी कडूच असते, तरी तीच प्यावीशी वाटते. लौकर ये."

एकोजीरावाने चष्मा वर ढकलला. "‘ये’ हा हुकूम झाला, भवानी. आणि कॉफीचा इथे काय संबंध?"

"मग काढा. तुम्हीच शाणे."

"श्वासाचं वाचून पोर घाबरेल. ते सौम्य करू."

"एकोजी," मी म्हटलं, "दम्याला जावक क्रमांक टाकायचा राहिला."

भवानी हसली, आणि ते हसू खोकल्यात गेलं.

बराच वेळ खाडाखोड करून त्याने वाचून दाखवलं: "चिरंजीव सूर्या, प्रकृती किंचित नरम असली तरी काळजीचे कारण नाही. कामात व्यत्यय न आणता सवडीने येणे करावे. आशीर्वाद. अम्मा."

भवानी ऐकत होती. "ही बाई बरी दिसते की," म्हणाली. "मज का नाही बरं वाटत?"

एकोजीराव खूश झाला. त्याने संदेश पाठवला.

सूर्याचं उत्तर लगेच आलं. दीपावळीला रजा टाकली आहे, येतो. भवानीने दोनदा वाचून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दीपावळीच्या आधीच ती गेली. सूर्या आला तो तिरुचीच्या विमानतळावरून थेट कावेरीच्या घाटावर.

सगळं आटोपल्यावर आम्ही तिघे ओसरीवर बसलो होतो. एकोजीरावाचा चेहरा कागदासारखा झाला होता. अचानक म्हणाला, "सूर्या, तो अम्माचा संदेश पुसून टाक."

"कोणता?"

"सवडीने ये म्हणून होता, तो."

"अप्पा, काय बोलता!" सूर्याने फोन छातीशी धरला. "अम्माने मज लिवलेलं शेवटचं तेच. ती सवडीने ये म्हणाली म्हणून मी थांबलो. नाहीतर रात्रीत आलो असतो."

एकोजीरावाने तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर नसलेल्या गोष्टी सांगत आलो मी, घडलेली ही एक मलाही सांगता येईना.

सूर्या फोन उघडून पुन्हा वाचू लागला, अगदी हळू.

"किती नीट लिवायची अम्मा," तो म्हणाला. "मज ठाऊकच नव्हतं."