थोरलीच्या ऑपरेशनचा कागद

मित्रांनो, नाडी बांधायची, पुठ्ठ्याची एक जुनी फाईल आहे मी. अंगावरचं निळं कापड कोपऱ्यांना विरलं आहे. लोक माझ्याजवळ कागद ठेवतात, कारण माझ्या पोटातलं कधी ओठांवर येत नाही. पण एक कागद मी अकरा वर्षं गप्प राहून सांभाळला. ते गप्प राहणं मला अजून बोचतं, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

एका लहानशा कारखान्यात मी तयार झाले. पुठ्ठा कापला, खळ लावून त्यावर कापड चिकटवलं, दगडाखाली दाबून वाळवलं, मग भोकं पाडून नाड्या ओवल्या. ओवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ही टिकेल." तेवढंच काय ते माझं कौतुक. मला वाटलं होतं, आपल्या पोटात एखाद्या हुशार मुलीची प्रशस्तिपत्रकं येतील. आले ते दवाखान्याचे कागद.

मला विकत घेतलं ते लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईने. घरात तिला सगळे थोरली म्हणत. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, दोन मुलांची आई. पाळीत तिला फार रक्त जायचं आणि औषधांनी थांबत नव्हतं. म्हणून पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायचं ठरलं. "पिशवी गेली की कटकट गेली," असं ती धाकट्या बहिणीला हसत सांगायची.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्या नवऱ्याच्या मांडीवर होते. तो कुलपं दुरुस्त करायचा. हात हुशार, तोंड मुकं. तासाभराने दार उघडलं आणि डॉक्टर घाईघाईने बाहेर आले.

"पिशवी काढतोच आहोत. दोन्ही अंडाशयही काढून टाकू का? पुढे त्यात गाठी व्हायची भीती नको."

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा, साहेब."

"मग इथे सही करा."

त्याने कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि सही केली. सगळ्याला मिळून एक मिनिटही लागलं नाही. थोरली आत बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं नसतं का? घाई कशाची होती? मला तेव्हापासून घाईत झालेल्या सहीचा संशय येतो.

घरी सोडताना डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "अंडाशय काढल्यावर बाईंच्या अंगातून एकाएकी गरम वाफा निघतील. झोप उडेल, चिडचिड होईल. हाडंही लवकर ठिसूळ होतात. महिन्याभरात दाखवायला आणा, औषधं सुरू करू." त्याने मान हलवली. बायकोला मात्र म्हणाला, "सगळं नीट झालं." मग कागद माझ्या पोटात गेला, आणि मी कपाटावर, जुन्या पेटीच्या मागे. घरातले बाकीचे कागद खणात असायचे. मग मीच एवढ्या उंचावर का?

तिथे धूळ खात पडून मी सगळं ऐकत होते. थोरली कामावरून घामाने निथळत यायची. "माझ्या अंगात भट्टी पेटल्यासारखं होतंय," म्हणायची. इस्त्रीची धग आहे, असं सगळे म्हणत. पण सुट्टीच्या दिवशीही ती भट्टी पेटायचीच. मुलांवर ओरडायची आणि मग स्वतःच रडायची. मुलं म्हणायची, आई बदलली. शेजारणी म्हणायच्या, कामं टाळायला सोंगं करते.

"अहो, मला वेड तर लागत नाहीये ना?" तिने एकदा नवऱ्याला विचारलं.

"पंखा लावतो," तो म्हणाला. त्याने पंखा लावला. पुढच्या वर्षी आणखी मोठा आणला.

आठव्या वर्षी उंबऱ्याला अडखळून ती पडली आणि मनगट मोडलं. दवाखान्यातून आल्यावर खुर्चीत बसून म्हणाली, "हाडांचे डॉक्टर विचारत होते, अंडाशय आहेत की काढलेत. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच कसे 'आहेत' म्हणालात?"

"असतीलच ना," तो म्हणाला आणि मुलांच्या चपला सरळ लावायला लागला. चपला सरळच होत्या.

मग धाकटीची वेळ आली. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. वय त्रेचाळीस. पोट सारखं फुगलेलं वाटतं म्हणून तपासलं, तर डाव्या अंडाशयावर गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीचं रूप मला संशयास्पद वाटतं. काढायला हवी. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर जुने कागद आणा."

धाकटी तणतणतच बहिणीकडे आली. "गाठ दिसली की कापा, एवढंच येतं यांना! ताई, तुझी फाईल दे. बघू दे तरी तुला काय सांगितलं होतं."

"फाईल भिजली होती. टाकून दिली मागेच," थोरलीचा नवरा म्हणाला.

मी त्याच्या डोक्यावर दोन हातांवर होते, मित्रांनो! डॉक्टरीणबाईंना गाठीचा संशय, धाकटीला डॉक्टरीणबाईंचा संशय, आणि मला त्या माणसाचा.

पण धाकटीने खिडकीत बसून वीस वर्षं माणसं पाहिली होती. "भाऊजी," ती म्हणाली, "बोलताना कपाटाकडे काय बघताय?" तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि मला खेचलं. घाईत माझी एक नाडी तुटली. तिने तिथेच उभ्याउभ्या कागद वाचले. तिसऱ्या कागदावर थांबली.

"ताई, तुझी नुसती पिशवी नाही गेली. दोन्ही अंडाशय काढलेत. खाली भाऊजींची सही आहे."

थोरलीने कागद हातात घेतला. सहीवर बोट ठेवून तो नवऱ्यासमोर धरला.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "त्यांनी मला विचारलं, तुला नाही. मी हो म्हणून बसलो. मग वाटलं, तुला कळलं तर तू खचशील. आणि जितके दिवस गेले तितकं सांगायला तोंड राहिलं नाही."

"अकरा वर्षं मी विचारत होते, मला वेड लागतंय का," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला उत्तर माहीत होतं. आणि तुम्ही पंखे लावत राहिलात."

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी दोघी बहिणी मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. धाकटीने जन्मभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. त्या दिवशी प्रश्न तिने विचारले. ऑपरेशन कशासाठी? नुसती गाठ काढून भागणार नाही का? एक अंडाशय काढणार की दोन? पोट उघडल्यावर काही वेगळं दिसलं तर काय करणार, आणि ते कुणाला विचारून?

डॉक्टरीणबाई आधी जरा वैतागल्या. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आमच्या घरी विश्वासाने काय झालं, ते या कागदावर आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिसरा कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. मग त्या नीट बोलल्या. "ही गाठ फुटू न देता काढायची, म्हणून डावा अंडाशय जाणारच. तुम्ही टेबलावर असतानाच गाठ तपासायला पाठवू. साधी निघाली तर उजवा राहील. एक चांगला राहिला तरी शरीराचं काम बहुतेक चालतं. वाईट किंवा वाईट व्हायच्या बेतातली निघाली तर उजवा आणि पिशवीही काढावी लागेल. मग पाळी त्या दिवसापासून बंद. ताईंना झाला तो त्रास तुम्हालाही होऊ शकतो, पण आपण पहिल्या दिवसापासून त्याच्यावर लक्ष ठेवू. कोणती औषधं चालतील ते पूर्ण रिपोर्ट आल्यावर ठरवू."

धाकटीने हे सगळं आपल्या अक्षरात लिहिलं, पुन्हा वाचलं आणि मगच सही केली. थोरलीला डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी लिहून दिली. "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी मी थोरलीच्या मांडीवर होते. दार उघडलं तेव्हा माझ्या उरलेल्या नाडीला तिने मुठीत आवळून धरलं.

"गाठ साधी नाही. कॅन्सरच्या उंबरठ्यावरची वाटतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठरल्याप्रमाणे दोन्ही काढते आहे."

"तिने लिहून दिलंय तसंच करा."

संध्याकाळी धाकटीने डोळे उघडले. "दोन्ही?"

"दोन्ही," थोरली म्हणाली. "आणि पिशवीही."

धाकटी रडली. थोरलीने तिला रडू दिलं. मग धाकटीने विचारलं, "रिपोर्ट कधी येणार?"

"दहा दिवसांनी. आपण दोघी जाऊ."

रिपोर्ट आला. गाठ पसरलेली नव्हती. तपासण्या मात्र कितीतरी वर्षं करायच्या आहेत. दोघी बहिणींचे तेच अवयव गेले, मित्रांनो. पण एकीचे तिला सांगून गेले.

रिपोर्ट यायच्या आधी, धाकटीला घरी सोडलं त्या दिवशी, शेजारच्या खाटेवर एक बाई आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं.

"काय काढणार आहेत तुमचं?" थोरलीने विचारलं.

"काय की बाई. आमच्या ह्यांना माहीत आहे," त्या हसून म्हणाल्या.

थोरली निघायला उभी राहिली होती. ती पिशव्या खाली ठेवून पुन्हा बसली. "सिस्टर," तिने हाक मारली, "डॉक्टरांना जरा बोलवा. यांना काही विचारायचंय."

मित्रांनो, मला पुसून खणात ठेवा, एवढं मागणं तर आहेच. पण माझ्यासारखी एखादी फाईल तुमच्याही घरात असेल. तुमच्या आईची असेल, मावशीची असेल. ती खाली काढा आणि ज्या बाईची आहे, तिच्याच हातात द्या. कागद कठीण असेल तर शेजारी बसून वाचून दाखवा. आणि कुणी म्हणालं, "तिला कशाला सांगायचं?" तर त्या माणसाचा खुशाल संशय घ्या.