मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं

माझ्या मामाला आधी मी मावशी म्हणत होते. चारेक वर्षांपूर्वी त्यानं घरात सांगितलं, मी बाई नाही, पुरुष आहे आणि माझं नाव राजवीर. मी थोडे दिवस अडखळले, मग मामा म्हणायला लागले. आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यामुळं त्याला स्वतःच्या बोलण्यात काही बदलावं लागलं नाही. बदलायचं होतं ते आम्हाला, आणि आण्णा काही बदलेनात.

आण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. कलेक्टर ऑफिसनं मामाला ओळखपत्र दिलं, आधारवर नाव बदललं, शिरोलीच्या फौंड्रीत तो राजवीर म्हणूनच कामाला जातो. आण्णांच्या लेखी मात्र त्यांना दोन मुलीच. धाकटीचं जुनं नाव त्यांनी सोडलं, पण नवं कधी तोंडातून काढलं नाही. "ए", "हिकडं बघ", एवढ्यावर भागवायचे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच सांगितलं, माझ्या पाठीशी राजवीरमामा उभा राहणार. नवऱ्याच्या, म्हणजे ऋतुराजच्या, घरी सगळं माहीत होतं, त्यांची काही हरकत नव्हती. आण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पन्हाळ्याच्या अमरसिंहांना, म्हणजे आईच्या चुलतभावाला, त्यांनी परस्पर मामा म्हणून उभं राहायला सांगून ठेवलं. मला कळलं ते लग्नाच्या दिवशी, हॉलमागच्या खोलीत नटून बसल्यावर. सख्खा असताना उसना मामा कशाला? डोक्यात तिडीकच गेली. त्यात राजवीरमामाला त्यांनी बाहेर गाड्या लावायला धाडलेलं, आणि तोही गुमान गेलेला. त्याचासुद्धा मला राग आला.

मुहूर्त जवळ आला. भटजींनी माइकवरून सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं." अमरसिंहमामा फेटा सावरत दारात आले.

"मी न्हाय येत," मी म्हटलं. "माझा मामा आलाय. त्यो नेईल."

ते बिचारे आल्या पावली परत गेले. भटजींनी पुन्हा पुकारलं. मग आण्णा आले.

"तमाशा करतीस व्हय गं? पावणं काय म्हणतील?"

"मामाशिवाय पोरीनं मंडपात जायचं नसतंय, हे तुमीच सांगितलंय की. बोलवा त्याला."

"क्रांती, जा, घिऊन ये," आण्णा माझ्या आईला म्हणाले.

"आई न्हाय. तुमी बोलवा. माइकवरनं, नाव घिऊन."

मी काही शूर नाही. मुहूर्त टळला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, हे मलाही कळत होतं. पण आज मामा माझ्यामागं उभा राहिला नसता, तर या घरात तो कायम गाड्याच लावत बसला असता.

आण्णा वळले. मला वाटलं, म्हातारा आता चपला घालून सरळ घरी जाणार. तेवढ्यात माइक खरखरला.

"राजवीर," आण्णांचा आवाज आला. "माझा ल्योक राजवीर जितं आसंल तितनं मंडपात यावं. पोरगी खोळंबलीया."

आई पदरानं डोळे पुसायला लागली. आम्ही सगळे खोलीतनं हॉलच्या दरवाजाकडं बघत राहिलो. मामा आला नाही. शेवटी आईच धावत बाहेर गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली. तो घामानं भिजलेला होता. कुणीतरी त्याच्या डोक्याला घाईघाईनं फेटा बांधला. त्यानं मला मंडपात नेलं, माझ्यामागं उभा राहिला आणि अक्षता पडल्या.

त्याला इतका उशीर का झाला, ते आईनं मला जेवणं उरकल्यावर सांगितलं. मामा बाहेर लाउडस्पीकरच्या कर्ण्याखालीच उभा होता, एक जीप मागं घ्यायला लावत.

"आरं, आण्णा बोलवत्यात," आई त्याला म्हणाली. "ऐकलं न्हाईस व्हय?"

"ऐकलं की," मामा म्हणाला. "पर मला वाटलं, दुसरा कोणतरी राजवीर आसंल."