छातीवरचा नातू

"काका, श्वास घ्या! बाळाचा चाललाय, तुम्हीच तुमचा बंद केलाय," जुलियाना सिस्टर म्हणाली.

निर्मळ गावचे तुळशीदास खुर्चीत लाकडासारखे ताठ बसले होते. उघड्या छातीवर नातू, वरून चादर.

"अगं बाय, हा निसटला तर?"

"नाय निसटत. घट्ट धरा."

पोर दीड महिना आधीच जन्माला आलं होतं. तिसरा दिवस, वजन सोळाशे ग्रॅम, आणि सकाळपासून अंग गार पडत होतं. बाळाची आई हेमांगी बीपी चढल्यामुळं वरच्या मजल्यावर झोपून, तुळशीदासांचा लेक मयूर तिच्या औषधांसाठी बाहेर. छातीची ऊब द्यायला उरले आजोबाच. अंगाचं तापमान मोजल्यावर आकडा साडेछत्तीसवर आला नाही, तर बाळाला मुंबईला हलवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तुळशीदासांनी जन्मभर चाफ्याच्या कळ्या अलगद खुडल्या. तान्हं मूल मात्र कधी उचललं नव्हतं. वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं पोर घ्यायचं नाही, हा घरचा रिवाज. कुणी घातला देव जाणे, पण त्यांनी तो इमानानं पाळला होता.

अर्ध्या तासानं सिस्टरनं बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला. "छत्तीस!"

"वाढलं?"

"वाढलं ना!"

मग काय, अख्ख्या वॉर्डचं लक्ष त्या काखेकडे! शेजारच्या खाटेवरची बाळंतीण स्टेफी स्वतःच्या बाळाला पाजता पाजता विचारायची, "आता किती?" छत्तीस पॉइंट तीन. आणि थोड्या वेळानं सिस्टर ओरडलीच, "साडेछत्तीस!"

हात धुऊन मयूर आत आला, तेव्हा तुळशीदासांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "मुंबईला जायचं नाय! चढलं रे, चढलं!"

मयूर हसत सुटला. डोळे पुसून चेष्टेनं म्हणाला, "बाबा, मला घेतलं होतं का कधी असं?"



"नाय रे. तुझ्या आजोबांसमोर लाज वाटायची. घ्यावंसं मात्र रोज वाटायचं."

मयूरनं बाळावरची चादर नीट केली.

"ये, आता तू घे."

एका हातानं बाळ सांभाळत तुळशीदासांनी दुसऱ्या हातानं लेकाच्या शर्टाची बटणं सोडायला घेतली, वरून एकेक. एकतीस वर्षांचा मयूर मान वर करून त्यांच्यासमोर मुकाट वाकून उभा राहिला.